विश्लेषण : ॲनिमेची कमाई विक्रमी, वाट मात्र मळलेली, नव्या कथेची जोखीम घेणार कोण?

नवी दिल्ली : जपानच्या ॲनिमे उद्योगाला आज बाजारपेठेची ददात नाही. ‘असोसिएशन ऑफ जपानीज ॲनिमेशन्स’ या उद्योग संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये ॲनिमेची एकूण बाजारपेठ ३ लाख ३४ हजार कोटी येनच्या पुढे गेली. हा तोपर्यंतचा उच्चांक होता. त्यात परदेशांतून आलेला वाटा सुमारे १ लाख ७२ हजार कोटी येनचा, म्हणजे जपानमधील उत्पन्नाहून अधिक होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगू ध्वनिमुद्रणासह प्रदर्शित झाला, तेव्हा पहाटेच्या खेळांनाही तरुण प्रेक्षकांनी गर्दी केली.

भरभराटीच्या याच काळात जपानमध्ये आणि जपानबाहेरही एक तक्रार वारंवार ऐकू येते : ॲनिमे स्वतःचीच पुनरावृत्ती करू लागला आहे. दर तिमाहीत दाखल होणाऱ्या नव्या मालिकांमध्ये लोकप्रिय मंगांची, म्हणजे जपानी चित्रकथांची, रूपांतरे असतात. जुन्या मालिकांचे पुढील भाग असतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या यशस्वी कलाकृतींच्या नव्या आवृत्त्या असतात. थेट पडद्यासाठी लिहिलेल्या स्वतंत्र कथा मोजक्याच आढळतात.

ही तक्रार खरी असली, तरी तिचे निदान अनेकदा चुकते. जपानमध्ये कल्पक दिग्दर्शकांची उणीव भासत असल्याचे दिसत नाही. बदलले आहे ते जोखमीचे गणित. नवी कथा फसली तर तोटा कोणी सोसायचा आणि यशस्वी झाली तर फळ कोणाच्या पदरात पडायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे आज जुळत नाहीत.

रूपांतर म्हणजे नक्कल नव्हे

‘मौलिकता’ या शब्दाचा अर्थ येथे नेमका करणे आवश्यक आहे. ॲनिमेच्या इतिहासातील अनेक श्रेष्ठ कलाकृती रूपांतरेच आहेत. इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) अकियुकी नोसाका यांच्या कथेवर आधारलेला आहे. हायाओ मियाझाकी यांचा ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (२००४) ब्रिटिश लेखिका डायना विन जोन्स यांच्या कादंबरीवरून आला. मामोरू ओशी यांच्या ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५) या चित्रपटाचे मूळ मासामुने शिरो यांच्या मंगात आहे. मूळ कथा दुसऱ्याची असूनही या चित्रपटांवर दिग्दर्शकाची मुद्रा स्पष्ट उमटली आहे.

याउलट, कोणत्याही पुस्तकावर न बेतलेली कथाही शिळी असू शकते. अलीकडील ‘फ्रिएरेन’ (२०२३) ही मालिका मंगावरून घेतलेली आहे. मात्र राक्षसराजाचा पराभव झाल्यानंतर उरलेल्या दीर्घ आयुष्याचे काय करायचे, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून तिने वीरकथेचा नेहमीचा क्रमच उलटा केला. रूपांतराचे मोठे प्रमाण हा म्हणून रोग नव्हे. तथापि, निवड सतत आधीच खपलेल्या कथांमधूनच होऊ लागली, तर ते रोगाचे लक्षण ठरते.

आरंभापासूनची तूट

या गणिताची मुळे सहा दशके मागे जातात. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’चे प्रसारण सुरू झाले आणि जपानी दूरचित्रवाणीवर अर्ध्या तासाच्या साप्ताहिक ॲनिमेची प्रथा रुजली. ही मालिकाही तेझुकांच्याच मंगावर आधारलेली होती. तिचे भाग वाहिनीला प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी दराने विकले गेले. उरलेली तूट पात्रांच्या चित्रांचे परवाने आणि परदेशी विक्री यांतून भरून काढण्यात आली.

चित्रमालिकेने स्वतःचा खर्च भागवायचा नाही, तो भोवतीच्या मालाने भागवायचा, हा दंडक तेव्हा पडला. तेझुकांची ‘मुशी प्रॉडक्शन’ ही संस्था १९७३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. दंडक मात्र टिकला. पुढे खेळणी, मिठाई, ध्वनिफिती आणि पुस्तके विकणाऱ्या कंपन्या मालिकांच्या प्रायोजक झाल्या आणि कोणती कथा पडद्यावर यावी याच्या निर्णयात त्यांचा शब्द वजनदार ठरू लागला.

या चौकटीतही स्वतंत्र कथा जन्माला आल्या. त्यांचा प्रवास मात्र उद्बोधक आहे. १९७४ मध्ये ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ही स्वतंत्र अंतराळकथा दूरचित्रवाणीवर आली. रविवारी सायंकाळी त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर ‘हायडी’ सुरू होती. योहाना स्पीरी यांच्या स्विस कादंबरीवरील या मालिकेचे दिग्दर्शन ताकाहाता यांचे होते आणि मियाझाकी तिच्या निर्मितीत सहभागी होते. ‘हायडी’पुढे ‘यामातो’चा निभाव लागला नाही, तिचे नियोजित भाग कापून ती २६ भागांत गुंडाळावी लागली. पुढे पुनःप्रसारणातून तिचा चाहतावर्ग वाढला आणि १९७७ मध्ये त्याच भागांच्या संकलनातून तयार केलेल्या चित्रपटासाठी चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या.

योशियुकी तोमिनो यांच्या ‘मोबाइल सूट गंडम’ची कथाही अशीच आहे. १९७९ मध्ये सुरू झालेली ही मालिका अपुऱ्या प्रतिसादामुळे ५२ ऐवजी ४३ भागांत संपवण्यात आली. त्यानंतर पुनःप्रसारण झाले, प्लास्टिकची जुळणी-प्रतिरूपे बाजारात आली आणि १९८१-८२ मध्ये तीन संकलित चित्रपट प्रदर्शित झाले. आज गंडम हा जपानी मनोरंजन उद्योगातील सर्वांत मौल्यवान नाममुद्रांपैकी एक आहे.

ज्या कथांच्या पुढील भागांवर आजचा उद्योग पोसला जातो, त्यांपैकी काही पहिल्या फेरीत अपयशी ठरल्या होत्या. त्यांना दुसरी संधी मिळाली. ती संधी आजच्या व्यवस्थेत किती कथांना मिळेल, हा कळीचा मुद्दा आहे.

निर्मिती समितीचे दोन चेहरे

आजच्या ॲनिमेचा आर्थिक कणा ‘निर्मिती समिती’ हा आहे. प्रकाशक, दूरचित्रवाणी वाहिनी, जाहिरात संस्था, संगीत कंपनी, खेळणी उत्पादक, चित्रफितींचे वितरक अशा अनेक कंपन्या एकत्र येऊन भांडवल उभे करतात. गुंतवणुकीच्या प्रमाणात त्या हक्क आणि नफा वाटून घेतात. प्रत्यक्ष चित्रे काढणाऱ्या स्टुडिओला बहुतांश वेळा ठरावीक मोबदला मिळतो. समितीत गुंतवणूक नसेल तर नंतरच्या नफ्यात त्याचा वाटा नसतो.

ही पद्धत १९९० च्या दशकात रुळली. तिच्या प्रसाराला ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ (१९९५) या मालिकेच्या यशाने बळ दिले, असे मानले जाते. विशेष म्हणजे हिदेआकी आन्नो यांची ही मालिका पूर्णतः स्वतंत्र कथेवर उभी होती. एकाच खेळणी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहण्यापेक्षा जोखीम अनेकांत विभागल्यास धाडसी कथेलाही भांडवल मिळू शकते, हे तेव्हा दिसून आले. तीन वर्षांनी आलेल्या शिनिचिरो वातानाबे यांच्या ‘काउबॉय बीबॉप’लाही प्रायोजकाची साथ सुटल्याचा फटका बसला होता, तिच्या सर्व २६ भागांचे प्रसारण नंतर वेगळ्या वाहिनीवर झाले.

पण जोखीम विभागणारी हीच समिती कालांतराने सावधपणाचे केंद्र बनली. सहा-सात भागीदारांची संमती हवी असेल, तर प्रत्येकाला पटणारा पुरावा लागतो. मंगाच्या लाखो प्रती खपल्या, हा असा पुरावा असतो. कागदावरील चार पानांचा कथासार हा पुरावा ठरत नाही. प्रकाशक भागीदार असेल तर त्याला स्वतःच्या पुस्तकाचा खप वाढवायचा असतो; त्याच्या दृष्टीने मालिका ही पुस्तकाची जाहिरात असते. अनेक मालिका बारा भागांनंतर अर्धवट वाटाव्यात अशा ठिकाणी थांबतात, त्याचे एक कारण येथे सापडते. पुढील कथा वाचण्यासाठी प्रेक्षकाने दुकानात जावे, एवढे घडले तरी समितीचे उद्दिष्ट साध्य होते.

‘दुसऱ्या जगा’ची गर्दी

या पुराव्याच्या शोधातूनच ‘इसेकाई’ या प्रकाराची लाट आली. इसेकाई म्हणजे ‘दुसरे जग’. सामान्य, बहुधा एकाकी तरुण अपघाताने मरतो किंवा अचानक ओढला जातो आणि जादू, राक्षस व राजवाड्यांच्या जगात असामान्य शक्तीसह नवे आयुष्य सुरू करतो, हा तिचा ठरलेला साचा. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘शोसेत्सुका नि नारो’ या संकेतस्थळावर हौशी लेखक अशा कथा विनामूल्य प्रसिद्ध करू लागले. वाचकसंख्येच्या क्रमवारीत वर आलेल्या कथा प्रकाशकांनी पुस्तकरूपात आणल्या, त्यांचे मंगा झाले आणि मग ॲनिमे. ‘रीःझीरो’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘मुशोकू तेन्सेई’ आणि ‘दॅट टाइम आय गॉट रीइनकार्नेटेड अ‍ॅज अ स्लाइम’ या मालिका याच वाटेने आल्या.

या कथांत गुणवत्ता नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ‘रीःझीरो’ने नायकाला वारंवार मरण सोसायला लावून त्याच साच्याला छेद दिला. प्रश्न प्रमाणाचा आहे. दरवर्षी सुमारे ३०० दूरचित्रवाणी मालिका तयार होत असताना त्यांतील मोठा गट एकाच साच्यातून आला, तर लेखकही क्रमवारीत वर येण्यासाठी तोच साचा गिरवतात. वाचकांची पसंती मोजणारे यंत्र हळूहळू वाचकांची पसंती घडवू लागते.

दुसरी सुरक्षित वाट स्मरणरंजनाची आहे. ‘उरुसेई यात्सुरा’ २०२२ मध्ये, ‘रुरोनी केनशिन’ २०२३ मध्ये आणि ‘रान्मा १/२’ २०२४ मध्ये नव्या स्वरूपात परतल्या. ज्यांनी बालपणी या मालिका पाहिल्या, ते आज कमावत्या वयाचे आहेत. जपानमध्ये जन्मदर सातत्याने घटत असल्याने लहान मुलांची बाजारपेठ आक्रसत आहे आणि प्रौढ चाहत्यांचे महत्त्व वाढत आहे. स्वायत्तता मिळालेले निर्मातेही या ओढीतून सुटलेले नाहीत. आन्नो यांनी आपल्या ‘खारा’ या स्टुडिओमार्फत स्वतःच्या भांडवलावर चार चित्रपट केले, तेही ‘इव्हँगेलियन’चीच पुनर्मांडणी करणारे.

हातांचा आणि वेळेचा तुटवडा

नव्या कथेला भांडवलाइतकाच वेळ लागतो आणि आज जपानी स्टुडिओंकडे सर्वाधिक टंचाई वेळेचीच आहे. ॲनिमेत दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढण्याचे काम परंपरेने नवोदितांचे. त्याचा मोबदला बहुधा प्रत्येक चित्रामागे दिला जातो आणि तो इतका तुटपुंजा असतो की टोकियोसारख्या महागड्या शहरात त्यावर गुजराण होणे कठीण. हे काम मोठ्या प्रमाणावर चीन, व्हिएतनाम, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरियात पाठवले जाते. परिणामी जेथे पूर्वी नवोदितांचा हात घडत असे, ती शाळाच ओस पडत चालली आहे.

व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने २०२३ मध्ये जपानला भेट दिली. २०२४ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालात ॲनिमे क्षेत्रातील कमी वेतन, अतिदीर्घ कामाचे तास आणि निर्मात्यांच्या बौद्धिक संपदा हक्कांचे अपुरे संरक्षण यांकडे लक्ष वेधण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये मुक्त व्यावसायिकांच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्यानुसार कामाच्या अटी लेखी देणे आणि मोबदला ठरावीक मुदतीत चुकता करणे बंधनकारक झाले आहे.

या सुधारणा स्वागतार्ह असल्या तरी हक्कांचा मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाही. कथा, पात्रे आणि जग यांवर स्टुडिओची मालकी नसेल, तर आजच्या यशातून उद्याच्या प्रयोगासाठी शिल्लक उरत नाही. प्रत्येक मालिकेनंतर स्टुडिओ पुन्हा पुढच्या कंत्राटाच्या शोधात निघतो. केवळ कल्पकतेने संस्था तगतेच असेही नाही. ‘इव्हँगेलियन’ आणि ‘गुरेन लगान’सारख्या स्वतंत्र कलाकृती देणाऱ्या ‘गायनॅक्स’ने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

वेगळी वाट चोखाळणारे

तरीही अपवाद आहेत आणि त्यांच्यातील समान धागा लक्षणीय आहे. ‘क्योतो ॲनिमेशन’ने चित्रकारांना पगारी नोकरीवर ठेवले, प्रशिक्षणाची सोय संस्थेतच केली आणि स्वतःची साहित्य स्पर्धा व पुस्तकमाला सुरू केली. ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ याच स्पर्धेतून पुढे आली. मूळ साहित्याचे हक्क घरातच राहिल्याने यशाचे फळही संस्थेकडे आले. जुलै २०१९ मधील जाळपोळीत ३६ सहकारी गमावल्यानंतरही ही संस्था पुन्हा उभी राहिली.

‘स्टुडिओ जिब्ली’ने ‘द बॉय अँड द हेरॉन’ (२०२३) निर्मिती समितीविना, स्वतःच्या पैशाने तयार केला. जपानमध्ये तो झलकपट आणि जाहिरातींशिवाय, केवळ एका भित्तिचित्राच्या बळावर प्रदर्शित झाला आणि २०२४ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. अर्थात मियाझाकींच्या नावामागे दशकांची पुण्याई आहे. नवोदित दिग्दर्शकाला असे स्वातंत्र्य परवडणारे नाही. ‘मापा’ या स्टुडिओने ‘चेनसॉ मॅन’ (२०२२) मालिकेचा संपूर्ण खर्च स्वतः उचलला. मात्र त्यासाठी निवड केली ती आधीच गाजलेल्या मंगाची. स्वतःचे भांडवल पणाला लावताना स्टुडिओही सावध होतो, हे यातून दिसते.

स्वतंत्र कथांना प्रेक्षक नाहीत, हा समजही वस्तुस्थितीला धरून नाही. ‘मादोका मॅजिका’ने २०११ मध्ये जादुई मुलींच्या गोड प्रकाराला शोकांतिकेचे वळण दिले. २०२२ मध्ये ‘लायकोरिस रिकॉइल’ने कोणत्याही मंगाच्या आधाराविना लोकप्रियता मिळवली. माकोतो शिंकाई यांनी २००२ मध्ये ‘व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार’ हा लघुपट जवळपास एकट्याने घरच्या संगणकावर तयार केला होता. त्यांच्याच ‘युअर नेम’ने २०१६ मध्ये जपानमध्ये सुमारे २,५०० कोटी येनची कमाई केली. या दोहोंमध्ये चौदा वर्षांचे अंतर आहे. त्या काळात शिंकाई यांना लहान अंदाजपत्रकाचे अनेक चित्रपट करता आले, अडखळता आले, शिकता आले. नवा दिग्दर्शक घडण्यासाठी लागणारा अवकाश तो हाच.

मोठ्या घरांची पकड आणि शेजाऱ्यांची स्पर्धा

येत्या काळात हा अवकाश वाढेल की घटेल, याबाबत संमिश्र चिन्हे आहेत. ‘सोनी’ने २०२१ मध्ये ‘क्रंचीरोल’ ही जागतिक प्रसारण सेवा ताब्यात घेतली आणि पुढे ‘कादोकावा’ या मोठ्या प्रकाशन समूहातील सर्वांत मोठी भागधारक होण्यापर्यंत मजल मारली. ‘तोहो’ने २०२४ मध्ये ‘सायन्स सारू’ हा प्रयोगशील स्टुडिओ विकत घेतला. मोठ्या समूहाच्या छत्राखाली स्टुडिओला स्थैर्य मिळू शकते. तसेच समूहाकडील पुस्तके आणि खेळांची रूपांतरे करणारा विभाग होऊन राहण्याचा धोकाही असतो.

जपान सरकारने २०२४ मधील सुधारित ‘कूल जपान’ धोरणात आशयनिर्मिती क्षेत्राची परदेशी विक्री २०३३ पर्यंत २० लाख कोटी येनवर नेण्याचे लक्ष्य ठेवले आहे. २०२२ मध्ये ती सुमारे ४ लाख ७० हजार कोटी येन होती. उद्दिष्ट विक्रीचे असेल, तर विकली जाणारी परिचित नाममुद्राच पुढे करण्याचा मोह वाढतो.

दरम्यान, शेजारी देश स्वस्थ बसलेले नाहीत. चीनचा ‘न झा २’ २०२५ मध्ये जगातील सर्वाधिक कमाईचा ॲनिमेशनपट ठरला. ‘सोलो लेव्हलिंग’ हा अलीकडील सर्वाधिक गाजलेल्या ॲनिमेंपैकी एक, पण त्याची कथा कोरियन आहे. कथेचे हक्क सोलकडे आणि चित्रांचे श्रम टोकियोकडे, ही विभागणी रूढ झाली, तर आज जपानी स्टुडिओंची जी अवस्था समित्यांपुढे आहे, तीच उद्या जपानी उद्योगाची परदेशी हक्कधारकांपुढे होऊ शकते.

भारतासाठी अर्थ

भारतीय प्रेक्षकांचे ॲनिमेशी नाते जुने आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर घरोघरी पाहिली गेलेली ‘जंगल बुक’ जपानच्या ‘निप्पॉन ॲनिमेशन’ची निर्मिती होती. २०१९ मध्ये शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातील चित्रपटगृहांत आला, तो चाहत्यांच्या स्वाक्षरी मोहिमेनंतर. जानेवारी २०२५ मध्ये ‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा युगो साको आणि मुंबईतून काम करणारे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन यांच्या सहभागातून साकारलेला चित्रपट तीन दशकांच्या प्रतीक्षेनंतर देशभर प्रदर्शित झाला. कथा हजारो वर्षांची, तरी कलाकृती नवी. मौलिकता कथेच्या वयावर अवलंबून नसते, याचे याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

मुंबई, पुणे, हैदराबाद आणि बंगळुरू येथील अनेक भारतीय स्टुडिओ दीर्घकाळ परदेशी निर्मात्यांची कंत्राटी कामे करीत आले आहेत. हात कुशल झाले, पण हक्क बाहेरच राहिले. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या ‘वेव्हज’ परिषदेत स्वदेशी बौद्धिक संपदा निर्माण करण्यावर भर देण्यात आला. त्या दिशेने पावले टाकताना जपानचा अनुभव डोळ्यांसमोर असणे हिताचे ठरेल. एका उद्योगाने जगभर कीर्ती मिळवली, पण चित्रे काढणाऱ्यांच्या हाती मालकी दिली नाही. आता त्याच्यापुढे उद्याच्या कथा कोठून आणायच्या, हा प्रश्न उभा आहे.

जपानी ॲनिमे संपत आल्याचे भाकीत यापूर्वीही अनेकदा झाले आणि प्रत्येक वेळी एखाद्या अनपेक्षित कलाकृतीने ते खोटे पाडले. पुढेही तसे घडू शकेल. मात्र ‘यामातो’ला पुनःप्रसारण मिळाले, ‘गंडम’ला संकलित चित्रपट मिळाले. तीन महिन्यांच्या हंगामात निकाल लागणाऱ्या आजच्या बाजारात पडलेल्या कथेला उठण्यासाठी कोण थांबणार, याचे उत्तर विक्रमी उलाढालीच्या आकड्यांत मिळत नाही. स्टुडिओंना हक्कांत वाटा मिळतो का आणि नवोदितांना उमेदवारीच्या काळात पोटापुरते मिळते का, या दोन गोष्टींवर पुढील दशकातील ॲनिमेचे स्वरूप ठरेल.